न उठलेली देवी

परवा फ्लूची लस घ्यायला गेले, तर माझ्या सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, लस घेतली की ती आठवड्याची गोळी दोन आठवडे घेऊ नका, म्हणजे लस नीट लागू पडेल. ती दुसरी, रोजची, मात्र एक दिवसही चुकवायची नाही. आणि हे मी सांगितलं तेवढंच करायचं, मनाने काही नाही." मी म्हटलं, "माहीत आहे मला." डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचे. हसून म्हणाले, "मोबाइलवर वाचलंत वाटतं?"

आता त्या पोराला काय सांगायचं! हे मला चौथी पास झालेल्या एका माणसाकडून कळलं होतं, सोलापुरात, पन्नास वर्षांपूर्वी. ते कळणं त्याला फार महागात पडलं होतं. घरी येईपर्यंत रिक्षात मी गुरुपादअण्णांचाच विचार करत होते.

मी मूळची वाईची. नर्स झाले आणि पहिली नेमणूक सोलापुरात आली, तेव्हा "अगं, तिथं पाणी नाही," म्हणून आईने डोळ्यांना पदर लावला होता. आईचं खोटं नव्हतं. पाणी एक दिवसाआड, आणि उन्हाळा तर विचारूच नका. आमचा दवाखाना विणकरांच्या वस्तीत होता. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की घराघरांतले माग सुरू व्हायचे, मग त्या खडखडाटात कुणाचं बोलणं म्हणून ऐकू यायचं नाही. मी आठ दिवसांतच घसा फोडून बोलायला शिकले. ती सवय अजून गेली नाही, सुना हसतात.

गुरुपादअण्णा त्या दवाखान्यात देवी टोचायचं काम करत. पन्नाशीचा उंच, काटकुळा माणूस. कपाळावर भस्माचे पट्टे, खाकी सदरा, आणि सायकलच्या दांडीला जुन्या चादरीच्या तुकड्याची पिशवी. पिशवीत बर्फाचा थर्मास, थर्मासात लस. माझी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. सरळ डाव्या दंडाकडे पाहिलं.

"चार डाग," ते म्हणाले. "साताऱ्याकडचं काम हाय. तिकडं चार पाडत्यात. चांगल्या उठल्या व्हत्या की तुमच्या देवी, सिस्टर."

मुलगी बघायला आलेला माणूससुद्धा याच्यापेक्षा बऱ्या गोष्टीने सुरुवात करतो. मला रागच आला. नंतर कळलं की अण्णा सगळ्यांना असंच ओळखतात. त्यांना नावं आठवत नसत, चेहरे तर त्याहून नसत, पण दंड पाहिला की माणूस कोण, कुठल्या गल्लीतला, आणि त्याची देवी कितव्या दिवशी उठली होती, हे सगळं ते घडाघडा सांगत.

हल्लीच्या मुलांना देवी काढणं म्हणजे काय ते सांगावं लागतं. देवी हा रोग आणि त्याची लस टोचणं म्हणजे देवी काढणं. दुतोंडी सुई लसीत बुडवायची आणि दंडावर एकाच जागी पंधरा टोचे मारायचे. मग आठवड्याभरात तिथे मोठा फोड यायचा, पिकायचा, खपली धरायची. याला म्हणायचं देवी उठली. उठली तर लस लागली. नाही उठली, तर टोचून न टोचल्यासारखंच.

बाकीचे टोचणारे टोचत आणि रजिस्टर भरून मोकळे होत. अण्णा टोचल्यावर त्या घराच्या चौकटीवर खडूने आठव्या दिवसाची तारीख लिहीत, आणि त्या दिवशी सायकल घेऊन हजर होत. मी एकदा म्हटलं, "अण्णा, एवढ्या उन्हात परत कशाला जाता?"

"टोचलं म्हंजे निम्मंच काम झालं की. उठली का न्हाई ते बघाय नको?"

अण्णांना चार भाषा येत, असं ते स्वतः सांगत. खरं म्हणजे त्यांना मराठी आणि कानडी येत होती, तेलुगू आणि दखनीत फक्त एक-एक वाक्य. पण ते वाक्य एकच होतं: हात दाखवा. विणकर बायकांना "चेय्यि चूपिंचम्मा", मोमीन गल्लीत "हात बताओ अम्मा", अक्कलकोटकडून आलेल्यांना "कै तोर्सव्वा". एवढ्यावर त्यांचा सगळा संसार चालायचा.

बायका बिलंदर होत्या. टोचून माणूस वळला की ओल्या फडक्याने दंड पुसून टाकायच्या. त्यावर अण्णांनी उपाय काढला होता. टोचलं की ते उठतच नसत. ओट्यावर बसून विचारत, "काय केलंय आज?" मग मोडक्यातोडक्या मराठीत कुणाच्या आमटीत चिंच जास्त, कुणाची शेंगाचटणी खलबत्त्यातली, कुणाची भाकरी कडक, याची चर्चा. चहा यायचा. तोवर दंडावरची लस वाळून आत मुरलेली असायची. मग धोतर झटकून उठायचे. बायकांना वाटे, अण्णा बोलघेवडे आहेत. दवाखान्यात हाच माणूस दिवसभरात दहा शब्द बोलत नसे.

एकदा आम्ही नवी पेठेत पडद्याचं कापड आणायला गेलो होतो. दुकानदार गजाने कापड मोजत होता, बाही जरा वर सरकलेली. अण्णांनी त्याचा हात गजासकट धरला.

"तुजी उठली न्हवती. मी पुन्यांदा टोचायला आलो, तर घरी सांगायला लावलंस गावाला गेलाय म्हून."

दुकानात चार बायका. दुकानदार लालबुंद. "अण्णा, गिऱ्हाईक हाय हो..."

"गिऱ्हाईकाचा बी बघतो की. थांबा." आणि खरंच त्यांनी त्या चारी बायकांना हात दाखवायला लावले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्या दिवशी अण्णा थर्मास घेऊन गेले आणि त्याला दुकानातच, कापडाच्या ठाणांमध्ये बसवून टोचून आले. वर आठव्या दिवसाची तारीख त्याच्या लाकडी गल्ल्यावर खडूने लिहिली.

अण्णांनी लग्न केलं नव्हतं. घरी थोरली बहीण, अक्का. मूळचे कुंभारीचे. अण्णा तीन वर्षांचे असताना आई देवीच्या साथीत गेली, तेव्हा अक्का अकरा वर्षांची. तिने त्यांना वाढवलं, पुढे लग्न होऊन तरुणपणीच विधवा झाली आणि परत त्यांच्याकडेच आली. मी तिला पाहिलं तेव्हा संधिवाताने तिची बोटं पार वाकडी झाली होती. मूठ मिटायची नाही, उघडायची नाही. तरी थर्मासची ती पिशवी तिनेच शिवलेली. दुखणं फार वाढलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी लहान पांढऱ्या गोळ्या चालू केल्या, आणि त्या गोळ्यांवर ती उठू-बसू लागली. रोज सकाळी अण्णा स्वतःच्या हाताने तिला गोळी देत, भाकरीचा तुकडा मोडून देत, मगच सायकल काढत.

या अक्काच्या दंडावर डाग नव्हता. लहानपणी टोचलं गेलं नव्हतं, आणि अण्णांनी स्वतः तीनदा टोचलं तरी देवी उठली नव्हती. गावभर लोकांच्या चौकटी रंगवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात ही गत! रजिस्टरात अशा माणसापुढे 'पूर्वीची शक्ती आहे' असं लिहायची पद्धत होती. उठत नाही, त्या अर्थी आधीच ताकद आहे, असा सरळ हिशेब. अण्णा ते लिहायला तयार नसत. "कुटनं आली शक्ती? मी बघितली न्हाई."

मग एक दिवस ते एक वही घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या भागातल्या आठ-नऊ जणांची नावं त्यात होती, बहुतेक मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका. कुणाचीच देवी धड उठली नव्हती. एकीचा नुसता पुरळासारखा ठिपका येऊन वाळून गेला होता.

"सिस्टर, या समद्यांचे सांदे सुजलेले हायत. आन् समद्या त्याच पांढऱ्या गोळ्या घेत्यात. अक्का घेती त्या."

मी वही पाहिली आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. आम्ही शिकलेली माणसं त्या बायकांना रोज पाहत होतो, गोळ्यासुद्धा आम्हीच देत होतो. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाहेर ओपीडीची ही गर्दी. डॉक्टरांनी वही चाळली, भुवया वर केल्या.

"शक्य आहे, अण्णा. सांधे सुजतात ते शरीर स्वतःशीच लढतं म्हणून. या गोळ्या ती लढाई दाबतात. मग लस दिली तरी शरीर हवं तसं उठून लढत नाही." एवढ्यात भाजलेलं मूल आलं आणि डॉक्टर पळाले.

अण्णांनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद पुन्हा पाहिला नाही. मीही कौतुक केलं. पुढचं काही विचारायला हवं होतं, ते मलाही सुचलं नाही.

त्यानंतर महिन्याभरातच वस्तीत देवी आली. देशातून देवी जवळपास गेली असं सगळे म्हणत होते, आणि बाहेरगावाहून मागावर कामाला आलेल्या एका कुटुंबातल्या मुलाच्या अंगावर फोड दिसले. मग शेजारचं घर. एक तान्हं लेकरू गेलं. आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अण्णा सकाळपासून त्याच घरांत, त्याच माणसांत. आणि संध्याकाळी ते जात कुणाकडे, तर टोचून न टोचल्यासारख्या अक्काकडे.

त्यांनी काय केलं ते आम्हाला पाचव्या दिवशी कळलं. सकाळीच त्यांची शेजारीण नरसव्वा धावत आली. "अक्काला बगा, मान बी उचलंना." मी आणि डॉक्टर तसेच गेलो. अक्का अंथरुणावर पडली होती. सांधे न् सांधा फुगलेला, उलट्या चालू, नाडी हाताला लागत नव्हती. अण्णा दाराशी उभे.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

अक्काने डोळे उघडले. "मीच इसरले, डॉक्टर. म्हातारी झाले की."

"इतकी वर्षं घेताय आणि विसरता? किती दिवस?"

"चार-पाच..."

"ती इसरली न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "मी बंद केल्या. डॉक्टरनं सांगितलंय म्हून खोटं बोललो तिला. आट दिवस अंगातनं गोळी निघून जाऊ दे, मग टोचतो, मग उठंल, असं धरलं व्हतं मी."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, आणि तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. दोन दिवस काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने पेज मागितली.

त्या दिवशी डॉक्टर आमच्या दवाखान्याच्या पायरीवर अण्णांशेजारी बसले. असं ते कधी बसत नसत. म्हणाले, "अण्णा, तुमचं बघणं सोळा आणे खरं. पण तुमच्या उपायाने तिचा जीव गेला असता. गोळीत आहे ते शरीर एरवी स्वतः बनवतं; इतकी वर्षं बाहेरून मिळतंय म्हणून तिच्या शरीराने ते बनवायचं सोडलंय. एकदम काढून घेतलं की माणूस कोसळतो. आणि अशा माणसाला ही लस टोचूही नये. उठली तर आवरणार नाही, अंगभर पसरेल." मग थोडं थांबून म्हणाले, "त्या दिवशी मी अर्धंच सांगून उठलो. ती चूक माझी."

"अर्धं ऐकून मी घरी गेलो, ती माजी," अण्णा म्हणाले. "मग अक्काला वाचवायचं कसं?"

"तिला नाही टोचायचं. तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांना टोचायचं, म्हणजे रोग तिच्या दारापर्यंत पोचायलाच नको. आणि ज्यांना नवीन टोचाल त्यांनी दंडावरची खपली पडेपर्यंत तिच्याजवळ जायचं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही तर रोज त्या घरांतून येता."

मग तिचं करणार कोण, हा प्रश्न होता. अण्णांनीच माणूस शोधला. नरसव्वा. तिला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, सगळं तोंड व्रणांनी भरलेलं. त्या तोंडापायी तिचं लग्न झालं नव्हतं. सणासुदीला बायका तिला पुढे येऊ देत नसत. पण जिला एकदा देवी येऊन गेल्या तिला पुन्हा येत नाहीत, आणि टोचायचीही गरज नाही. अख्ख्या गल्लीत अक्काला हात लावायला योग्य अशी ती एकटी होती. अण्णा तिच्या ओट्यासमोर हात जोडून उभे राहिले. नरसव्वा म्हणाली, "हात कशाला जोडता, अण्णा? सैपाक बी मीच करीन." ती किती खूश झाली होती! मला अजून ते तोंड दिसतं.

अण्णांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत पथारी टाकली. त्यांच्या गल्लीतलं एकही घर त्यांनी सोडलं नाही. दोन्ही बाजूंच्या चौकटी खडूच्या तारखांनी भरल्या. अक्का घरी आल्यावर ते रोज दिवेलागणीला गल्लीच्या पलीकडच्या अंगाला, विजेच्या खांबापाशी जाऊन उभे राहत. अक्का दारात पाटावर बसलेली असे. मध्ये पंधरा पावलांची गल्ली. मी दोन-चारदा त्यांच्याबरोबर गेले. भावंडं कानडीत बोलत, ते मला कळायचं नाही. पण शेवटी अण्णा हमखास मराठीत नरसव्वाला ओरडून विचारत, "आजची गोळी दिली का?"

"दिली की!"

"गिळली का? तोंडात बघितलं का?"

"अवं, बघितलं! माजा जीव खाऊ नका." गल्लीतली पोरं हसायची.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, हे संपलं की तुम्हीच द्याल ना परत?"

"न्हाई. गोळी आता माज्या हातानं न्हाई. नरसव्वाच देईल." हजारो दंड टोचताना त्यांचा हात कधी थरथरला नव्हता. त्या हातावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. मला फार वाईट वाटलं, मी समजावून पाहिलं. डॉक्टरांनीही समजावलं, उपयोग झाला नाही.

हळूहळू साथ आटोक्यात आली. शेवटच्या रोग्याच्या खपल्या पडल्या, त्यानंतर डॉक्टरांनी ठरवून दिलेले आठवडे गेले, नवीन कुणी सापडलं नाही. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "अण्णा, आता घरी जा." योगायोग असा की माझा बदलीचा हुकूमही त्याच आठवड्यात आला होता, साताऱ्याला. अक्काचा निरोप घ्यायला म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले.

अण्णांनी अंघोळ करून धुवट धोतर नेसलं होतं. खांबापर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं, धाप लागली असेल. ते म्हणाले, "सिस्टर, तुमी व्हा फुडं. मी येतो मागनं."

मी पुढे गेले. अक्का दारातच होती. मी तिच्या पाया पडले, दोन शब्द बोलले. वळून पाहिलं तर अण्णा खांबापाशीच. गल्लीत दुपारचं ऊन, माग चालू, आणि हा माणूस स्वतःच्या घरात यायला धजत नव्हता.

अक्का मोठ्याने म्हणाली, "नरसव्वाला आज येऊ नको म्हनलंय मी."

"का?" तिकडून अण्णा.

"आता तू आलास न्हवं."

"मग गोळी? सकाळची गोळी कोणी दिली?"

"कोणी न्हाई."

"घेतली न्हाईस? अगं, दुपार झाली की! डॉक्टरनं काय सांगितलंय तुला? याड लागलं का?" ओरडत ओरडतच अण्णांनी गल्ली ओलांडली आणि ते ओट्यावर चढले. आपण घरात आलो हे त्यांना कळलंसुद्धा नसावं.

अक्काच्या मांडीवर गोळ्यांची बाटली होती. तिने ती दोन्ही मनगटांत धरून त्यांच्यापुढे केली. "तू बंद केलीस. आता तूच चालू कर."

अण्णांनी बाटली उघडली. पहिली गोळी हातातून निसटून खाली पडली. दुसरी त्यांनी तिच्या हातावर ठेवली. तो हात उघडेल तेवढा उघडून तिने पुढे धरला होता. मी आतून तांब्या आणून दिला. अक्काने गोळी गिळली आणि कुणी न विचारताच तोंड उघडून दाखवलं.

अण्णा तिथेच ओट्यावर खाली बसले आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागले. अक्का वाकड्या बोटांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "साकु तम्मा, साकु." एवढं कानडी मला एव्हाना येत होतं. पुरे रे, भावा, पुरे.

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता पायऱ्या उतरले. अण्णा मला त्यानंतर कधी दिसले नाहीत.